अनाम ग्रंथाला जामीन कोण?

वरळी कोळीवाड्याच्या टोकाला, माहीमच्या उपसागराकडे तोंड करून बसलेला तो लहानसा किल्ला कोणी बांधला? पोर्तुगीजांनी, असे सांगणारा मजकूर पैशाला पासरी मिळतो. इंग्रजांनी १६७५च्या सुमारास बांधला आणि पोर्तुगीजांचे नाव त्याला चुकून चिकटले, असे इंग्रजी विकिपीडिया सांगतो. किल्ल्याचा वाद इतिहासकार मिटवतील. पण एखादा वाचक पहिले विधान टाकून दुसरे उचलतो, तेव्हा तो कोणाच्या शब्दावर विसंबतो? लेखाखाली सही नाही. लिहिणारा एक नाही, आणि लिहिणाऱ्यांतले बहुतेक टोपणनावाने वावरणारे. उद्या विधान खोटे निघाले तर जाब कोणाला विचारायचा? प्रश्न संगणकाच्या काळातला वाटतो खरा, पण त्यावर आपल्याकडे दीड हजार वर्षे डोकेफोड झालेली आहे, आणि तीही धर्माच्या सर्वांत नाजूक जागी: ज्या ग्रंथाला कर्ताच नाही, त्याचे म्हणणे प्रमाण का मानायचे?

नैयायिकांचे उत्तर सरळ आहे. शब्दाला प्रामाण्य येते ते बोलणाऱ्याकडून. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनाने यात दाखवलेल्या मोकळेपणाचे म्हणावे तितके कौतुक होत नाही. आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते, असे तो न्यायभाष्यात सांगून मोकळा होतो. मीमांसकांनी नेमकी उलटी वाट धरली. माणूस म्हटला की भ्रम आला, लोभ आला, लबाडी आली. वेदाला कर्ता नाही, म्हणून कर्त्याचे दोषही त्याला शिवत नाहीत. शिवाय ज्ञान हे मुळात प्रमाणच असते, त्याला बाध आणणारे काही पुढे येईपर्यंत ते खरे धरून चालायचे, हा त्यांचा स्वतःप्रामाण्याचा सिद्धान्त. विकिपीडियाचा रोजचा व्यवहार या दुसऱ्या वाटेने चालतो. कोणीही लिहावे, लिहिलेले तत्काळ दिसावे आणि कोणी खोडेपर्यंत ते उभे राहावे. वेद आणि विकिपीडिया एका पंगतीला बसवलेले कोणाला खटकेल, आणि ते खटकणे रास्त आहे. विकिपीडिया अपौरुषेय मुळीच नाही. असंख्य पुरुषांनी आणि त्यामानाने फारच थोड्या स्त्रियांनी मिळून केलेला तो ग्रंथ आहे. तुलना पावित्र्याची नाही. सही नसलेल्या मजकुरावर विश्वास ठेवायला आधार कोणता, एवढ्यापुरतीच ती आहे.

आणि या आधाराविषयी मीमांसकांनीच एक फार व्यवहारी गोष्ट सांगून ठेवली आहे. तोंडातोंडी चालत आलेल्या ग्रंथात मध्येच कोणी काही घुसडले नसेल कशावरून, ही शंका सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाला टाळता येण्याजोगी नव्हती. श्लोकवार्तिकात त्याने दिलेले उत्तर असे की, कोणी पाठ बदलू लागलाच तर अनेक जण त्याला अडवतील. या उत्तरात दैवी काही नाही. आहे तो पहारा. पद, क्रम, जटा, घन हे पाठ त्या पहाऱ्यासाठीच आहेत. शब्द पुढून मागून गुंफून म्हणायचे, म्हणजे एक अक्षर जरी जागचे सरकले तरी शेजारी बसलेल्याच्या कानाला ते खुपते. माझे म्हणणे याच टोकाला धरून आहे. खुल्या ग्रंथाचा जामीन लेखक नसतो, त्याचे अडवणारे असतात; आणि अडवणाऱ्यांच्या मानाने ग्रंथ जास्त वाढला की तो बिनजामिनाचा होतो, मग त्याच्या प्रत्येक पानाखाली कोणाची सही असो वा नसो.

विकीचे यंत्र आतून पाहिले की हे पटते. लेखाच्या माथ्यावर ‘इतिहास’ नावाची कळ असते. शंभरातले किती वाचक ती दाबतात कोण जाणे. दाबली की लेखाच्या जन्मापासूनची प्रत्येक दुरुस्ती खालीखाली मांडलेली दिसते: तारीख, मिनिटापर्यंतची वेळ, करणाऱ्याचे नाव किंवा टोपणनाव, जुन्या नोंदींत नुसता अंकपत्ता, किती मजकूर वाढला वा घटला त्याचा हिरवा-लाल आकडा, आणि केलेच असेल तर का केले त्याचे एका ओळीचे स्पष्टीकरण. कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारीशेजारी लावून कुठला शब्द गेला आणि कुठला आला ते पाहता येते, आणि पटले नाही तर जुनी आवृत्ती परत आणता येते. शेजारच्या चर्चापानावर भांडण चालते. गावगाड्याचे मोठे प्रश्न चावडीवर जातात, मराठी विकिपीडियाने ते पान ‘चावडी’ म्हणूनच ठेवले आहे. छापील पुस्तकाने आपल्याला अशी सोय कधीच दिली नाही. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत लेखकाने गुपचूप काय गाळले, हे कळायला दोन्ही आवृत्त्या घेऊन कोणालातरी रात्री जागवाव्या लागतात.

आपल्या ग्रंथपरंपरेचाही हाच दाखला आहे. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तीनशे वर्षे ती हातोहात उतरवली गेली, आणि उतरवणाऱ्यांनी आपापल्या ओव्या तीत मिसळल्या. १५८४ मध्ये एकनाथांनी ती शुद्ध केली आणि यापुढे कोणी आपली ओवी घालू नये, असा सज्जड इशारा शेवटी देऊन ठेवला. पहाऱ्याची गरज त्यांनी अचूक ओळखली होती. पण त्यांनी काय काढले आणि का काढले, याची टिपणे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. निवाडा हाती आहे, पुरावा नाही, म्हणून एकनाथांवरच भरवसा ठेवणे भाग पडते. म्हणजे पुन्हा आप्तापाशीच यावे लागते. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पुरी झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. सुकथनकर आणि त्यांच्या नंतरच्या संपादकांनी १२५९ हस्तलिखिते पाहिली, आणि नाकारलेला प्रत्येक पाठ पानाच्या तळाशी बारीक टायपात जिवंत ठेवला. त्यांचा निर्णय चुकला असे वाटणाऱ्याला त्यांच्याच पानावरून त्यांच्याविरुद्ध खटला उभा करता येतो. महाभारत हा शेकडो अनाम हातांनी वाढवलेला ग्रंथ; त्याची जबाबदारी निश्चित झाली ती व्यासांचे नाव घेऊन नाही, तळटिपांमुळे.

इथपर्यंत विकीची बाजू भक्कम दिसते. वाढीचा प्रश्न आला की मात्र कुमारिलाचे ‘अनेक’ कुठे आहेत हे शोधावे लागते. इंग्रजी विकिपीडिया २००१ चा. २००५ साली ‘नेचर’ने विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हा दर लेखामागे त्यात सरासरी चार चुका निघाल्या आणि ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकाने या तपासणीवर कडाडून आक्षेप घेतला, पण ज्याची टिंगल व्हायची त्याला निदान बरोबरीचे स्थान मिळाले. त्याच वर्षी जॉन सायगेन्थॉलर या अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात, केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता असे धादांत खोटे विधान कोणीतरी घातले आणि ते चार महिने तसेच राहिले. दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात एकाच वर्षी घडल्या, आणि त्यांत विसंगती नाही. विज्ञानाच्या पानांवर डोळे होते, त्या पानावर नव्हते. भाषा लहान झाली की असे बिनपहाऱ्याचे पान हा नियम होतो. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियात वीस हजारांहून अधिक लेख एका अमेरिकी मुलाने लिहिले होते, ज्याला ती भाषा येतच नव्हती. इंग्रजी शब्दांना स्कॉट्सचा बाज देऊन त्याने गाडा वर्षानुवर्षे हाकला, आणि २०२० पर्यंत हे जगाच्या लक्षात आले नाही. मुलाच्या मनात खोट नव्हती. अडवणारे कोणी नव्हते, एवढेच.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी सुरू झाला, आणि त्यातली लेखसंख्या आता लाखाच्या घरात आहे. मोजक्या माणसांनी पदरचा वेळ घालून हे उभे केले, त्याला तोड नाही. पण त्या लाखांत एकाच साच्यातून निघालेली गावांची पाने किती आहेत ते पाहावे: गावाचे नाव बदलायचे, तालुका-जिल्हा बदलायचा, हवामानाची वाक्ये तीच ठेवायची. सांगकाम्यांनी, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञावलींनी, भर घातली ती वेगळीच. रोजच्या रोज अलीकडील बदल चाळणारे प्रचालक आणि जुने सदस्य मात्र बोटांवर मोजण्याइतके. लेखसंख्येचा आकडा गाठल्याचे अभिनंदन होते. एका लेखामागे पहारा देणारे किती, हा आकडा कोणी मुखपृष्ठावर लावत नाही. मला विचाराल तर हाच एक आकडा लावण्यासारखा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मग खरी नावे सक्तीची करा. मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी लेखकाचे आडनाव छापलेले असते, लक्ष्मणशास्त्री जोशींसारख्या प्रमुख संपादकाची छाया साऱ्या ग्रंथावर असते, आणि मंडळाचे कार्यालय वरळीहून हाकेच्या अंतरावर, प्रभादेवीला रवींद्र नाट्यमंदिराच्या इमारतीत आहे. तक्रार असेल तर जिना चढून विचारता येते. हे मोलाचे आहेच. पण त्याची किंमतही बघा: पहिला खंड १९७६चा, आणि विसाव्यापर्यंत पोहोचायला सुमारे चार दशके गेली. एवढ्या काळात सुरुवातीच्या खंडांतले देश फुटले, शहरांची नावे बदलली. नावानिशी दिलेली ग्वाही ही दिलेल्या दिवसाची ग्वाही असते. जग पुढे सरकले तरी सही तिथेच राहते.

आणि नाव कळल्यावर आपण त्याचे काय करतो, हा प्रश्न अधिक टोचणारा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट गाजत असताना छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या विकिपीडियातील मजकुरावरून महाराष्ट्रात संताप उसळला. महाराष्ट्र सायबर विभागाने मजकूर हटवण्याची नोटीस काढली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. मजकुरातल्या दोषाबद्दल मतभेद असू शकतात, आणि शंभूराजांविषयी मराठी मनाला असलेला जिव्हाळा खोटा नाही. पण त्या मजकुराखालचे संदर्भ कुठले, ते कोणी लिहिले, कोणत्या बखरीवर विसंबून लिहिले, आणि त्याला उत्तर देणारे कोणते संशोधन मराठीत आहे, ही चर्चा चर्चापानावर व्हायला हवी होती. ती पोलिसांच्या दप्तरात गेली. आधीचा अनुभव याहून कडू आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांविषयीच्या पुस्तकातल्या आक्षेपार्ह मजकुरावरून ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेची मोडतोड झाली, ती पुस्तकाच्या ऋणनिर्देशात तिथल्या अभ्यासकांची नावे होती म्हणून. महाभारताच्या तळटिपा जिथे लिहिल्या गेल्या, त्याच घरावर नावे वाचून लोक चालून गेले. नावाने जबाबदारी येते हे खरे. पण आपल्या सार्वजनिक जीवनात नाव म्हणजे बहुधा पत्ता असतो, आणि पत्ता कळला की युक्तिवाद संपतो.

ज्याची बदनामी झाली त्याने काय करायचे? हा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि पहाऱ्याचे तत्त्वज्ञान सांगून त्याला वाटेला लावणे निर्दयपणाचे ठरेल. एएनआय या वृत्तसंस्थेने जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात विकिमीडिया फाउंडेशनवर दोन कोटींचा दावा लावला. न्यायालयाने तीन संपादकांची माहिती द्यायला सांगितले. खटल्याविषयीचे विकिपीडियातील पानच काढून टाकण्याचा आदेश झाला. तो आदेश ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने रद्द केला. मूळ दाव्यात कोण बरोबर, तो भाग वेगळा. विकिमीडियाने ‘आम्ही केवळ फळा पुरवतो, लिहिणारे वेगळे’ म्हणत हात झटकायचे, हे मला मान्य नाही. फळा ज्याचा, त्याने जिवंत माणसांविषयीच्या पानांवर तरी पहारा पुरेसा आहे की नाही ते पाहिले पाहिजे, आणि नसेल तर ते पान तात्पुरते बंद ठेवले पाहिजे. सायगेन्थॉलरला न्याय मिळाला असता तो लिहिणाऱ्याच्या अटकेने नव्हे, चार महिन्यांच्या जागी चार तासांत दुरुस्ती झाली असती तर.

खरी अडचण पुढेच आहे, आणि ती कुमारिलाच्या वाक्यातच लपलेली आहे. अनेक जण अडवतील. पण अनेक म्हणजे कोण? त्याच्या जगात ते त्रैवर्णिक पाठक होते. जैमिनीच्या सूत्रांत शूद्राला यज्ञाचा अधिकार नाकारणारे अधिकरणच आहे. पहारेकरी सगळे एकाच आळीतले असले तर ते परक्याला अडवतात, आपल्यातल्याला नाही. क्रोएशियन विकिपीडियात हेच झाले: एका गटाच्या प्रशासकांनी वर्षानुवर्षे इतिहास आपल्या राष्ट्रवादाच्या सोयीने वाकवला, विरोधकांना हुसकावले, आणि २०२१ मध्ये विकिमीडियाने करून घेतलेल्या अहवालात ते उघड झाले. इतिहासाची कळ तिथेही होती, अडवणारेही होते. अडवले कोणाला, एवढाच फरक.

वरळीत बसून हा मुद्दा दूरचा वाटण्याचे कारण नाही. बीडीडी चाळींच्या परिसरात ५ जानेवारी १९७४ रोजी दलित पँथरची सभा झाली, आणि त्यानंतर वरळी-नायगावची दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी न्या. भस्मे आयोग नेमला गेला. त्या दंगलीविषयी चाळीतल्या माणसांचे सांगणे, पोलिसांचे सांगणे आणि वर्तमानपत्रांचे सांगणे एक नव्हते. आता चाळी पाडून तिथे मनोरे उभे राहत आहेत, ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्याही दिल्या गेल्या. चाळीची आठवण सांगणारी शेजारपाजारची वस्ती विखुरली की त्या जानेवारीचे काय उरेल? कात्रणांतून जमवलेले पान उरेल, आणि विकीच्या नियमाप्रमाणे ज्याला प्रकाशित संदर्भ नाही ते त्यात येणार नाही.

इथे त्या चाळींतल्या अनेक घरांत भिंतीवर ज्यांची तसबीर असते, त्यांचे बोट धरणे बरे. डॉ. आंबेडकरांनी शब्दप्रामाण्यावर घाव घातला हे सर्वांना ठाऊक आहे; पण ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये त्यांनी एक विधायक काम केले, ते कमी वाचले जाते. बुद्धाचे बोलणे भाणकांच्या, म्हणजे पाठांतर करणाऱ्या भिक्षूंच्या, स्मरणातून आले, त्यात त्याच्या हयातीतच चुका शिरल्या, हे त्यांनी पाच सुत्तांचे दाखले देऊन मान्य केले, आणि मग कसोट्या सांगितल्या: बुद्धाच्या नावावर घातलेले विधान तर्काला धरून आहे का, माणसाच्या कल्याणाशी त्याचा संबंध आहे का. मुळात बौद्ध परंपरेतच, भोगनगरात बुद्धाने सांगितलेले चार महापदेश आहेत. कोणी म्हणाला, हे मी प्रत्यक्ष शास्त्याकडून ऐकले; कोणी म्हणाला, संघाकडून; कोणी, अनेक थेरांकडून, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंकडून; कोणी, एका थेराकडून. चौघांनाही एकच वागणूक द्यायची: उचलून धरायचे नाही, झिडकारायचेही नाही, सुत्त आणि विनयाशी ताडून पाहायचे. नैयायिकाचा आप्त यात आहे, मीमांसकाचे अनेक आहेत, आणि दोघांनाही तपासणीतून सूट नाही. शिवाय सांगणाऱ्याचे शब्द आधी नीट ऐकून घ्यायचे आहेत, म्हणजे त्याला तोंड उघडू द्यायचे आहे. विकीच्या नियमात हा पूर्वार्धच गळून पडला. ताडून पाहणे राहिले, ऐकून घेणे गेले.

वरळीच्या कोळ्यांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. किनारी रस्ता सागरी सेतूला जोडणाऱ्या पुलाच्या खांबांत ६० मीटर अंतर ठेवायचे ठरले होते. क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर काढणारे नाखवा सांगत होते की, खडक आणि भरती-ओहोटीची ओढ पाहता एवढ्या फटीतून खवळलेल्या समुद्रात होडी सुखरूप निघणार नाही. वात्स्यायनाच्या लक्षणाने याहून चोख आप्त कुठे शोधणार? पण त्यांचे म्हणणे कुठल्या पुस्तकात नव्हते. त्यांनी काम अडवले, आंदोलने झाली, आणि अखेर सरकारने एक खांब गाळून अंतर १२० मीटर करण्याचे मान्य केले. मग ते वर्तमानपत्रांत छापून आले आणि संदर्भ म्हणून देण्याजोगे झाले. समुद्रातला खांब हलवण्याइतके खरे असलेले ज्ञान तळटिपेत येण्यासाठी आधी बातमी व्हावे लागले. मौखिक साक्षींना संदर्भाचा दर्जा द्यावा, असा प्रयोग २०११ मध्ये केरळात आणि दक्षिण आफ्रिकेत विकिमीडियाच्याच आश्रयाने झाला होता. तो तिथेच विरला, कारण अशा साक्षी तपासणार कोण, हे कोणाला सांगता आले नाही. उत्तर अवघड नसावे. साक्ष नाव, तारीख आणि आवाजासकट, सांगणाऱ्याच्या संमतीने नोंदवावी, आणि ती खोडण्याचा पहिला अधिकार त्याच कोळीवाड्यातल्या दुसऱ्या नाखवाला असावा. त्याला मराठी टंकता येत नसेल, तर त्याचे म्हणणे टंकणारा माणूस मराठी विकिपीडियाला लागेल. पुढच्या हजार गावांची पाने त्यासाठी खुशाल थांबू द्यावीत.